डोंगरातले लोह, लाडवातले लोह

भिलाईच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर, आजच्या बालोद जिल्ह्यात, दल्ली-राजहराच्या टेकड्या आहेत. तेथील माती तांबडी, वाटा तांबड्या, आणि पावसाळ्यात टेकड्यांवरून उतरणारे ओहोळही तांबडे. या टेकड्यांतून निघणाऱ्या खनिजाला भूगर्भशास्त्रज्ञ हेमॅटाइट म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतील रक्तवाचक शब्दावरून आला आहे. दगडाची पूड केली की ती रक्तासारखी लाल दिसते, एवढेच या नावाचे कारण. रक्ताचा लाल रंगही लोहाशीच निगडित आहे, हे ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण नाव मात्र अचूक बसले.

भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली या साठ्यांची नोंद केली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपूरच्या सरकारी कचेरीत एका अधिकाऱ्याच्या भेटीसाठी खोळंबले असता, वेळ घालविण्यासाठी जवळच्या संग्रहालयात शिरले आणि तेथील नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहाची गडद खूण त्यांच्या दृष्टीस पडली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. सरकारी अधिकाऱ्याने भेटीस विलंब लावल्यामुळे कोणाचे काही भले झाल्याची उदाहरणे फारशी नाहीत, म्हणून ही आवर्जून सांगावयाची. टाटांनी कारखाना मात्र साकचीला उभारला, आणि राजहराच्या टेकड्यांना आणखी अर्धे शतक वाट पाहावी लागली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरच्या आगगाड्या आज ज्या रुळांवरून धावतात, त्यांतील फार मोठा भाग याच गावी तयार झालेला आहे.

भिलाई महाराष्ट्राला परकी नाही. १९५६ सालापर्यंत दुर्ग जिल्हा आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे रायपूर, दुर्ग, बिलासपूर येथे मराठी घरे पूर्वीपासून होतीच. कारखाना निघाल्यावर तीत नागपूर, भंडारा, गोंदियाकडील घरांची भर पडली. माणूस नोकरीसाठी गाव बदलतो, भाषाही थोडीफार बदलतो. पण सांदणीतले, डब्यातले पदार्थ सहसा बदलत नाही. भिलाईच्या सेक्टरांतील स्वयंपाकघरांत संक्रांतीचे तिळगूळ आणि बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू आले ते असे.

या लाडवांकडे आज नव्याने पाहावे, असे एक गंभीर कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांची रक्ततपासणी झाली. त्यांत छत्तीसगडमधील ६०.८ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते आणि सबंध देशात ५७ टक्के. त्याच पाहणीत पुरुषांचा आकडा देशभरात २५ टक्के होता. बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबावरून केलेली ही मोजणी कितपत काटेकोर, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु आकडा एकतृतीयांशाने कमी करून घेतला तरी जे उरते ते लहान नाही. ज्या मुलुखाच्या पोटात लोहाचे डोंगर आहेत, तेथील स्त्रियांच्या रक्तात चिमूटभर लोहाची वाण पडावी, यातील विसंगती सांगून संपत नाही. प्रौढ माणसाच्या सबंध देहातील लोह तीन-चार ग्रॅमच असते. एका लहानशा खिळ्याचे जेवढे वजन, तेवढे.

मग खिळा किसून खावा काय? विनोदाचा भाग सोडला, तरी या प्रश्नातच साऱ्या विषयाची किल्ली आहे. राजहराची टेकडी म्हणजे लोखंड नव्हे. त्या टेकडीतून लोखंड सोडवून घ्यावे लागते. खनिजात लोह प्राणवायूशी घट्ट बांधलेले असते. झोतभट्टीत वरून खनिज, कोक आणि जवळच्याच नंदिनीच्या खाणीतील चुनखडी टाकतात, खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोकापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील प्राणवायू हिरावून नेतो, चुनखडी खनिजातील निरुपयोगी भाग मळीच्या रूपाने अलग करते, आणि मग लोह मोकळे होऊन तळाशी वाहू लागते.

अन्नाचीही गोष्ट अशीच आहे. धान्ये, तेलबिया, पालेभाज्या यांतील लोह बहुतेक ‘फेरिक’ या रूपात असते, आणि हेमॅटाइटमधील लोहही याच रूपात असते. आतड्याच्या पेशी ते या रूपात सहजासहजी आत घेत नाहीत. त्यांना ‘फेरस’ रूप लागते. शिवाय धान्याच्या नि बियांच्या टरफलांतील फायटेट नावाची द्रव्ये लोहाला धरून बसतात. परिणाम असा की, आपल्या नेहमीच्या शाकाहारातील लोहापैकी शंभरातले पाच ते आठ भागच रक्तापर्यंत पोहोचतात. बाकीचे आले तसे निघून जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची जी शिफारस केली, ती ही गळती हिशेबात धरूनच. मांसातील काही लोहाला ही अडचण पडत नाही. जो मांस खात नाही त्याने मात्र आपल्या झोतभट्टीची व्यवस्था आपण पाहिली पाहिजे.

या भट्टीतील कोकाचे काम करते ते क जीवनसत्त्व. लिंबू, आवळा, पेरू यांतील हे द्रव्य फेरिकचे फेरस करते आणि फायटेटची पकडही सैल करते. मात्र ते त्याच घासाबरोबर, निदान त्याच बैठकीत पोटात गेले पाहिजे. सकाळी खाल्लेला आवळा रात्रीच्या लाडवाच्या उपयोगी पडत नाही.

आता लाडवांकडे वळावयास हरकत नाही. १९४४ साली इंग्लंडात ‘वीगन’ हा शब्द निघाला. मांस-मच्छीबरोबर दूध, तूप, मधही वर्ज्य मानणारा, असा त्याचा अर्थ. आता तो शब्द आपल्याकडेही रुळू लागला आहे, आणि दुधातुपावाचून, भट्टीत भाजल्यावाचून गोड पदार्थ कसे करावेत याची चौकशी तरुण मंडळी करू लागली आहेत. त्यांच्या आजीला या शब्दाची वार्ता नव्हती. पण अळिवाचा लाडू ती तसाच करीत होती.

अळीव हे मोहरीहून बारीक, तांबूस बी. कोणी त्यास अहाळीव म्हणतात. भिलाईच्या बाजारात ते हालिम किंवा चंद्रशूर या नावाने मागावे लागते. अर्धी वाटी अळीव निवडून घ्यावे, कारण त्यात बारीक खडे असतात आणि भिजल्यावर ते सापडत नाहीत. दीड वाटी नारळाच्या पाण्यात ते दोन तास भिजत घालावे. प्रत्येक बीभोवती पारदर्शक बुळबुळीत वेष्टण तयार होते आणि सगळे मिळून साबुदाण्याच्या खिरीसारखे दिसू लागते. हा बुळबुळीतपणा अनेकांना किळसवाणा वाटतो. वस्तुतः लाडू वळण्यासाठी लागणारा चिकटपणा तोच पुरवितो, आणि म्हणून या लाडवाला तुपाची गरज पडत नाही. मग त्यात दोन वाट्या ओले खोबरे आणि एक-सव्वा वाटी चिरलेला गूळ मिसळून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवावे. आधी मिश्रण पातळ होते, आणि नवशिक्याचा धीर तेथे सुटतो. ढवळत राहिल्यास दहा-पंधरा मिनिटांत ते कडा सोडू लागते. थेंबभर ताटलीत घेऊन निववावे; बोटांत गोळी वळली की उतरवावे. याहून पुढे गेल्यास लाडू दुसऱ्या दिवशी दगड होतात. जायफळ हवे तर किसून घालावे. लिंबाचा रस घालावयाचा असल्यास मिश्रण पूर्ण निवाल्यावर, वळण्याच्या क्षणी घालावा. क जीवनसत्त्व आचेपुढे टिकत नाही. आंबटपणाची शंका येत असेल तर चमचाभर रसाने लाडू आंबट होत नाही, गुळाचा उग्रपणा मात्र कमी होतो.

अळिवात लोह किती, याविषयी एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत अळिवापुढे १०० ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम लोह असा डोळे दिपविणारा आकडा छापलेला असे, आणि तो आजही पुस्तकांतून उतरवून घेतला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली नवे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत हा आकडा बराच खाली आला. पोह्यांचेही तसेच झाले. बियांना चिकटलेली धूळ, कांडणयंत्राचे लोखंड, अशा वाटांनी मूळ अन्नात नसलेले लोह मोजणीत शिरू शकते. तरीही अळीव हे लोहाच्या दृष्टीने उत्तम बियांपैकी एक आहे, यात वाद नाही. फक्त एका लाडवाने महिन्याची भरपाई होते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

भिलाईला नारळ बाहेरून येतो. तीळ आणि जवस मात्र छत्तीसगडच्याच शेतांत पिकतात. नव्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम तिळात १४-१५ मिलिग्रॅम लोह असते, गुळात चार-पाच. तेव्हा पंधरा ग्रॅम तीळ आणि दहा ग्रॅम गूळ यांच्या एका लाडवातून अडीच मिलिग्रॅम लोह मिळते. दोन लाडू खाल्ले तर स्त्रीच्या दिवसाच्या गरजेचा सहावा हिस्सा भरून निघतो. हा हिशेब लहान दिसतो, पण तो खरा आहे. तीळ कोरडे भाजून, गुळाचा पाक लोखंडी कढईत करावा. भिलाईच्या गावी लोखंडी कढई वापरावयाची नाही तर कोठे? गुळाच्या पाकाला हाताला तूप लावण्याची चाल आहे, तेथे पाण्याचा हात चालतो, किंवा तिळाचेच तेल. छत्तीसगडी घरांत याच पाकात चुरमुरे घालून मुर्राचे लाडू करतात. ते हलके आणि मुलांच्या आवडीचे. मात्र लोह हवे असेल तर त्यांत मूठभर भाजलेले तीळ आणि शेंगदाण्याचे कूट घालणे बरे.

चूलही पेटवावयाची नसेल, तर बिया काढलेला खजूर, भाजलेले तीळ आणि शेंगदाणे खलबत्त्यात एकत्र कुटावेत. येथे खजुराची कीर्ती त्याच्यातील लोहापेक्षा पुष्कळ मोठी आहे. लाडवात तो गोडीसाठी आणि बांधून ठेवण्यासाठी. लोहाचे काम तिळाकडे. बस्तरकडे जिला मडिया म्हणतात ती आपली नाचणी. तिला मोड आणून, वाळवून, दळून, खमंग भाजली आणि तिळाच्या वाटणात गुळासह मळली, तर तुपाशिवाय चांगला लाडू वळतो. मोड आणण्याने फायटेट घटते, म्हणजे अर्धे काम आधीच झालेले असते. मोहाच्या वाळल्या फुलांचे लाडूही छत्तीसगडात होतात, आणि भंडारा-गडचिरोलीच्या श्रोत्यांना ती चव नवी नसेल. पण त्यांत गोडी अधिक, लोह बेताचे.

निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. ज्या थंडीत तिळाचे लाडू होतात, त्याच थंडीत बाजारात आवळ्यांचे नि पेरूंचे ढीग लागतात. लिंबू घातलेला लाडू चार दिवस ठेवला तर त्यातील क जीवनसत्त्व रोज थोडे थोडे कमी होत जाते. लाडवासोबत कच्च्या आवळ्याची फोड किंवा पेरूचा तुकडा खाल्ला, तर ही चिंताच उरत नाही.

आता या साऱ्या खटपटीवर पाणी, अथवा अधिक नेमके सांगावयाचे तर चहा, कसा फिरतो ते पाहावे. चहातील टॅनिन लोहाशी बांधले जाते आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतो. कॉफीचा उपद्रव काहीसा कमी, पण आहे. आपल्याकडे लाडू पुढे ठेवला की मागोमाग चहाचा कप येतो. तो न आला तर पाहुणचारात उणीव राहिली असे यजमानीणबाईंस वाटते. कारखान्याच्या गावात तर पाळीवर जाताना चहा, पाळीवरून येताना चहा. चहा सोडा म्हणण्यात अर्थ नाही. तो कोणी सोडणार नाही. लाडू आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा, एवढे म्हणता येते. गंमत अशी की, ज्या पेढ्या-बर्फीला आपण पौष्टिक मानतो, त्यांच्या दुधात लोह नगण्य असते आणि दुधातील कॅल्शियम दुसऱ्या अन्नातील लोहाच्याही आड येते. तुपावर हा आरोप नाही. ते लोह देत नाही आणि नेतही नाही. दूधतूप वर्ज्य करणाऱ्याचे लोहाच्या बाबतीत तरी काही बिघडत नाही.

बिघडते ते निराळ्या बाबतीत. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, आणि त्याच्या अभावानेही रक्तक्षय होतो. दूधही न घेणाऱ्याने ते गोळीच्या रूपाने घेतलेच पाहिजे. तीळ, अळीव, नाचणी यांपैकी कोणीही ती जागा भरून काढणार नाही. रक्तक्षय एकाच प्रकारचा नसतो, हा धडा जगाला मुंबईने दिला आहे. लुसी विल्स ही इंग्रज स्त्री-डॉक्टर १९२८ साली गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासण्यासाठी मुंबईस आली. त्या स्त्रियांना लोहाची नव्हे, वेगळ्याच कशाची उणीव होती. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होऊ लागल्या आणि १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. पुढे ज्याला फोलिक आम्ल म्हणू लागले, ते हेच. शेंगदाण्यात ते चांगल्या प्रमाणात असते, म्हणून तिळाच्या लाडवात शेंगदाण्याचे कूट घालण्याची चाल सोडू नये.

आणखी एक गोष्ट छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही मुलखांपुरती विशेष महत्त्वाची. येथे सिकलसेल हा आनुवंशिक विकार बऱ्याच घरांतून आढळतो. तो हटविण्यासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियानास प्रारंभ झाला. या विकारातील रक्तक्षय लोहाच्या उणिवेमुळे होत नाही. ज्याला वरचेवर रक्त चढवावे लागते, त्याच्या देहात तर लोह गरजेहून अधिक साठलेले असू शकते. फिकट चेहरा पाहून लोहाच्या गोळ्या सुरू करण्याऐवजी आधी रक्त तपासून घ्यावे. आणि तपासणीत लोहाची मोठी तूट निघाली, तर गोळीच घ्यावी. गर्भवतीस सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या रोजच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे वर सांगितलेल्या चोवीस लाडवांएवढे. लाडू हे अन्न आहे, औषध नव्हे. अळिवाबद्दल जुन्या बायका आणखी एक पथ्य सांगत: ते बाळंतिणीला द्यावे, गर्भारशीला नव्हे. गरोदरपणी ते खावयाचे असल्यास डॉक्टरांस विचारूनच खावे.

बाळंतिणीच्या या लाडवाची कथा येथे थोडी खटकते. सव्वा महिना घरातील स्त्रीला अळिवाचा लाडू आठवणीने, आग्रहाने दिला जातो. त्यानंतर अळीव फडताळातून नाहीसे होते. पुढची वीस-पंचवीस वर्षे दर महिन्यास तिच्या देहातून रक्त जातच असते, आणि ताटावर ती सर्वांच्या मागून बसते. घरात लाडू झाले तर पहिला वाटा पाळीवर जाणाऱ्याच्या डब्यात, दुसरा मुलांच्या हातात, उरलेले पाहुण्यांसाठी. राष्ट्रीय पाहणीतील ५७ आणि २५ या दोन आकड्यांतील अंतराचे मोठे कारण शरीरधर्म हेच आहे. पण काही अंशी ते अंतर या वाटणीतही शोधावे लागेल.

तिळाचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर राहतात, आणि म्हणून ते वरच्या फळीवर पाहुण्यांची वाट पाहत बसतात. अळिवाच्या लाडवात ओले खोबरे असते. चौथ्या दिवशी त्याला आंबूस वास येऊ लागतो. तो कोणासाठी राखून ठेवता येत नाही, आणि करणारीलाही तो चार दिवसांच्या आत खावाच लागतो.